कोर्टाची कादंबरी लिहितोय, प्लॉटमधल्या चुका काढा (वाडा, ब्लॅकमेल, सूड वगैरे)

पेठकर
नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसता वाचतोय इथे, आज हिंमत करून धागा काढला. एक रहस्यकादंबरी लिहायला घेतलीय, एकशे दहा पानं झाली आणि अडकलोय. थोडक्यात सांगतो.

साल १९९८, वाईजवळचा वाडा. १९५७ साली आजोबांनी धाकट्या भावाच्या विधवेला संपवलं, जमिनीसाठी, आणि गावात सांगितलं की ती काशीला गेली. घरात हे दोघा-तिघांनाच माहीत. आता नात वकील आहे, साताऱ्याला प्रॅक्टिस करते. तिच्या वडिलांना निनावी पत्रं यायला लागतात, "विहिरीत काय आहे ते मला ठाऊक आहे, पन्नास हजार पोचवा". वडील घाबरून दोनदा पैसे देतात, तिसऱ्यांदा नातीला कळतं. मग केस उभी राहते, आणि शेवटी नात स्वतःच्या वडिलांना पिंजऱ्यात उभं करून उलटतपासणीत असं काही घेरते की ते भर कोर्टात रडत सगळं कबूल करतात. ब्लॅकमेल करणारा कोण ते सांगत नाही, तुम्ही वाचणार आहात (अशी आशा).

कायद्याच्या चुका सांगा. शुद्धलेखनाच्या नंतर.

निशाचर
भर कोर्टात रडत कबुली. बास, इथेच पुस्तक मिटलं मी.

वांगीभात
मला आवडला प्लॉट. विहीर मस्त. वाचणार.

काळाकोट
एकोणीस वर्षं जिल्हा कोर्टात काढलीत, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहिते, पेठकर रागावू नका.

पहिलं म्हणजे ती उलटतपासणी. वडील आरोपी आहेत का साक्षीदार ते आधी ठरवा. आरोपी असतील तर त्यांना कुणी पिंजऱ्यात खेचून प्रश्न विचारू शकत नाही, घटनेचं कलम २०(३) आहे, स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही. आरोपीचा, तुमच्या १९९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे, कलम ३१३ चा जबाब होतो, तो न्यायाधीश घेतात, शपथ नसते, आणि प्रत्यक्षात त्यात पन्नास वेळा "खोटे आहे" आणि "मला माहीत नाही" एवढंच असतं. रडणं वगैरे कॉरिडॉरमध्ये, चहाच्या टपरीपाशी. आरोपीला साक्ष द्यायचीच असेल तर त्याने स्वतः लेखी मागावं लागतं. आणि ते साक्षीदार असतील, तर नात कुणाच्या बाजूने उभी आहे? उलटतपासणी समोरच्याच्या साक्षीदाराची होते. मग ती वडिलांच्या विरुद्ध पक्षाची वकील झाली का?

दुसरं, ती ही केस घेऊच शकत नाही. ज्या केसमध्ये आपण साक्षीदार होऊ असं वाटण्यासारखं कारण आहे ती घ्यायची नाही, असा बार कौन्सिलचा नियम आहे. पत्रं तिने पाहिली, पैशाचं पाकीट तिने पाहिलं, म्हणजे ती साक्षीदारच.

तिसरं, जे वडिलांनी तिला वकील म्हणून विश्वासाने सांगितलं ते ती कोर्टात ओकू शकत नाही, तेव्हाच्या पुरावा कायद्याचं कलम १२६. हां, पुढे करायच्या गुन्ह्यासाठी सल्ला मागितला तर ते संरक्षण नाही. ही फट तुम्हाला वापरता येईल बघा.

पेठकर
मॅडम, एका पोस्टमध्ये माझी शेवटची चाळीस पानं गेली :(
पण खून १९५७ चा आहे, आता केस होऊ शकते ना? मुदत वगैरे?

काळाकोट
खुनाला मुदत नाही. मुदतीची भानगड तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना. अडचण वेगळी आहे, आजोबा वारले असतील तर आरोपी कोण करणार? मेलेल्या माणसावर खटला चालत नाही. तुमच्या गोष्टीत चालणारा खटला एकच, ब्लॅकमेलचा. आणि तो तुम्ही दोन ओळींत उरकलाय, खरी गंमत तिथे आहे.

आपल्या कायद्यात ब्लॅकमेल नावाचा गुन्हाच नाही, खंडणी आहे. १९९८ म्हणजे भादंवि (भारतीय दंड विधान) ३८३, ३८४. बदनामीचा मजकूर छापतो नाहीतर पैसे दे, हे तर कायद्याच्याच पुस्तकातलं उदाहरण आहे. पण खंडणी पूर्ण होते ती पैसे हातात पडल्यावर. नुसतं पत्र टाकलं तर ते ३८५, भीती घालणं. म्हणजे तुमचा तिसरा हप्ता न देणं आणि पहिले दोन देणं, याने कलमं बदलतात. खुनाचा आळ घेईन म्हणून उकळले तर ३८८, दहा वर्षांपर्यंत. (हल्लीची गोष्ट असती तर भारतीय न्याय संहितेचं ३०८, १ जुलै २०२४ पासून. साल बदलू नका म्हणजे झालं.)

आणखी एक, फारसं कुणी वापरत नाही. खून झालाय हे माहीत आहे आणि गप्प बसायचे पैसे घेतले तर तोही गुन्हा, २१३. म्हणजे ब्लॅकमेल करणारा जितकं ओरडून सांगेल की मला खरंच माहीत होतं, तितका स्वतःच रुततो.

तिरपागडे
आता कोणीतरी नानावटी खटला आणणार, मी वाट बघतोय.

वांगीभात
आणि मग पुण्याचं जोशी-अभ्यंकर खून प्रकरण. मग धागा दोनशे.

शुक्रवारातला
नानावटी नाही आणत. पण पेठकर, तुम्ही वाईला कशाला गेलात, तुमची गोष्ट पुण्यात आमच्या पेठेत घडून गेलीय, ती पण त्याच सुमाराला. डॉ. अनंत चिंतामण लागू. आमच्या लहानपणी प्रवासाला निघालं की आजी हमखास सांगायची, गाडीत कुणी दिलेलं काही खाऊ नको, आणि वर पुटपुटायची, "मग तो डॉक्टर का असेना". मला ते वाक्य पंचविशीत कळलं, निकाल वाचल्यावर.

लक्ष्मीबाई कर्वे, विधवा, पैसेवाली, शेअर्स-बँक सगळं नीट असलेली, मधुमेह. लागू त्यांचा घरचा डॉक्टर, भरवशाचा माणूस. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री तो त्यांना मुंबईच्या मोठ्या डॉक्टरला दाखवायला म्हणून पुण्याहून पॅसेंजरने घेऊन निघाला. पहाटे व्हीटीला गाडी लागली तेव्हा बाई बेशुद्ध. स्ट्रेचरवरून जीटी हॉस्पिटल. तिथे ह्याने नाव सांगितलं इंदुमती पौंशे. आता इंदुमती हे त्यांचं माहेरचं नाव! लग्न होऊन कितीतरी वर्षं झाली, त्या नावाने त्यांना कोण शोधणार. आणि घरचा डॉक्टर असून मधुमेहाचा म काढला नाही, झटके येतात म्हणाला, हिस्टेरियासारखे. सकाळी साडेअकराच्या सुमारास बाई गेल्या.

पुढचं ऐका. हॉस्पिटलला कळवलं काय, तर भाऊ कलकत्त्याहून येतोय प्रेत घ्यायला. कोण येणार? कुणीच नाही. बेवारस म्हणून ते मेडिकल कॉलेजात विच्छेदनासाठी गेलं. तिथे गळ्यावर व्रण आहे असं वाटून शंका आली म्हणून पोस्टमॉर्टेम झालं, तेव्हा मुंबईत कॉरोनर (संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी) असायचा. हे सगळं होईपर्यंत दहा दिवस गेलेले. विष सापडलं नाही. कारण लिहिलं मधुमेहाची बेशुद्धी. म्हणजे जे त्याने सांगितलंच नव्हतं तेच कागदावर आलं. फाइल बंद.

इथे तो गप्प बसला असता तर आज हे नाव आपल्याला माहीत नसतं. पण पैसे काढायचे तर बाई जिवंत हव्यात ना! मग पत्रं सुरू. पुण्यात नातेवाइकांना, ओळखीच्यांना, लक्ष्मीबाईंच्या नावाने, की मी यात्रेला आलेय, आता कुणा जोशींशी लग्न केलंय, जयपूरजवळ राठोडी म्हणून गाव आहे तिथे राहते, परत येत नाही. आणि इकडे शेअर्स, बँक, घरातलं सामानसुमान हळूहळू ह्याच्याकडे.

१९५६ सालची, मुलंबाळं असलेली, मधुमेही, शुक्रवार पेठेतली विधवा. राजस्थानात पुनर्विवाह. पत्राने कळवते. पेठेने यावर विश्वास ठेवावा असं त्या शहाण्याला वाटलं कसं, हे मला आजही कळत नाही. पत्रं वाचूनच लोकांच्या पोटात गोळा आला, तक्रारी गेल्या, आणि मार्च १९५८ ला अटक. पुण्याच्या सेशन्स कोर्टात फाशी, हायकोर्टात कायम, १४ डिसेंबर १९५९ ला सुप्रीम कोर्टातही कायम.

निशाचर
च्यायला. हे मला माहीतच नव्हतं. पण विष सापडलं नाही तर विषप्रयोग सिद्ध कसा केला?

काळाकोट
तोच तर त्या निकालाचा गाभा आहे, एआयआर १९६० एससी ५००, आम्हाला कॉलेजात घोकायला लावायचे. नेहमीचा नियम असा की तीन गोष्टी दाखवा: मरण विषानेच आलं, आरोपीकडे विष होतं, आणि द्यायची संधी होती. इथे पहिल्या दोन्ही थेट दाखवता येत नव्हत्या. कोर्टाने म्हटलं की परिस्थितिजन्य पुरावा पुरेसा भक्कम असेल तर विष सापडलंच पाहिजे असं नाही, आणि मरणानंतरची आरोपीची वागणूक, म्हणजे ते खोटं नाव, ती पत्रं, तो पैसा, हे सगळं एकत्र वाचता येतं. डॉक्टरला कोणतं विष कधी नाहीसं होतं ते कळतं, हेही होतंच.

पण एक सांगते, निकाल एकमताचा नव्हता. तिघांतल्या न्या. सरकारांचं मत होतं की सोडावं. चोरी केली, खोटी पत्रं लिहिली, हे सगळं मान्य, पण मरण नैसर्गिक नव्हतं हे कुठे सिद्ध झालं? मी दरवेळी वाचते तेव्हा अर्धा तास त्यांच्या बाजूला जाते आणि मग ती राठोडीची पत्रं आठवतात आणि परत येते.

तिरपागडे
म्हणजे फाशी विषाने नाही, पोस्टाने दिली.

शुक्रवारातला
+१ तिरपागडे, एकदाचं काहीतरी बरं बोललात.

पेठकर
मी दोन दिवस हेच वाचत बसलोय. मी माझ्या विधवेला काशीला पाठवलं आणि विसरून गेलो, चाळीस वर्षं. पण काशीला गेली तर काशीहून पत्र यायला हवं. कुणीतरी ते लिहिलं असणार. आणि ते वाड्यात कुठेतरी असणार!

काळाकोट
आता कसं बोललात. आणि तीस वर्षांहून जुना कागद योग्य माणसाच्या ताब्यातून निघाला तर सही-अक्षर त्याच माणसाचं असं कोर्ट गृहीत धरू शकतं, तेव्हाच्या पुरावा कायद्याचं कलम ९०. लिहिणारा मेलेला असला तरी. १९५७ ते १९९८, एकेचाळीस वर्षं, तुमचं साल अगदी बसतं. आता गंमत बघा, गृहीत काय धरणार, तर पत्र मेलेल्या बाईनेच लिहिलं म्हणून! म्हणजे आजोबांच्या बनावट कागदाला कायदाच खरेपण देणार आणि नातीला ते खोडून काढावं लागणार. हस्ताक्षरतज्ज्ञ लागेल, आजोबांचं जुनं अक्षर लागेल. दुकानाच्या वह्या ठेवा घरात.

कृष्णाकाठ
मी इथे सहसा स्वयंपाकाच्या धाग्यांवर असते, पण हे वाचून लिहावंसं वाटलं. नावंगावं सांगत नाही.

माझी मोठी आत्या, आता नाही. आजोबा १९७१ ला गेले. त्यानंतर काकांनी जमिनीवर फक्त भावांची नावं लावून घेतली, आत्याने हक्कसोड करून दिलं म्हणून. आम्हा मुलांना हे काही माहीत नाही, आत्या दर भाऊबीजेला यायची, काका साडी द्यायचे, सगळं गोडीगुलाबीने. साधारण २००३-०४ ला माझा एक चुलतभाऊ, जरा उडाणटप्पू, त्याला काकांच्या ट्रंकेत तो हक्कसोडचा कागद सापडला. साधा कागद, आणि खाली आत्याच्या नावापुढे अंगठा. आता आत्या सातवी फायनल पास होती हो! मोत्यासारखं अक्षर, आमच्या प्रत्येकाच्या वाढदिवसाला कार्ड लिहायची. तिचा अंगठा कशाला असेल?

ह्या पठ्ठ्याने काकांना गाठलं. बोअरच्या बाजूचा तुकडा माझ्या नावावर करा, नाहीतर कागद आत्याकडे देतो. काका बीपीने आडवे. दोन वर्षं त्याने त्यांना छळलं, कधी गाडीला पैसे, कधी कशाला, आणि घरात कुणाला पत्ता नाही, काकूला वाटायचं म्हातारपणी नातवंडांचा, पुतण्यांचा लळा लागलाय.

शेवटी एका भाऊबीजेला तो खरंच कागद घेऊन आला. फराळाची ताटं चालली होती, मी करंज्या वाढत होते म्हणून मला शब्द न् शब्द आठवतोय. त्याने कागद आत्याच्या पुढ्यात ठेवला, म्हणाला वाच. आत्याने चष्मा पण लावला नाही. म्हणाली, "हे होय? ह्याची नोटीस आली होती की मला सासरी, तलाठ्याची. लाडवाच्या डब्यात आहे." फेरफाराची नोटीस! तिला १९७१ पासून माहीत होतं. चौतीस-पस्तीस वर्षं ती दिवाळीला येऊन त्याच भावाला ओवाळत होती.

काका खाली मान घालून बसले. भावाचा चेहरा बघण्यासारखा झाला, दोन वर्षं जे विकून खात होता ते फुकटचं निघालं. आत्या त्याला काय म्हणाली माहितीये? "तुला किती दिले रे ह्याने? अर्धे मला दे, कागद माझा आहे."

वांगीभात
आत्या!!!! _/\_

निशाचर
मी हसतोय आणि काटा पण आलाय.

तिरपागडे
पेठकर, कादंबरी कृष्णाकाठ यांना देऊन टाका.

पेठकर
खरंय. ताई, पुढे जमिनीचं काय झालं? सांगायचं नसेल तर राहू दे.

कृष्णाकाठ
झालं असं की आत्याने केस केली नाही. काकांनी स्वतःहून तिला पाऊण एकर दिली, रीतसर रजिस्टर करून. ती तिने सुनेच्या नावावर केली, मुलाच्या नाही. का ते विचारलं तर हसली. आणि सूड म्हणाल तर एकच, त्यानंतर तिने काकांच्या साड्या घेणं बंद केलं. दर भाऊबीजेला ताटात ठेवलेली साडी तशीच परत. काकांना ते पाऊण एकरपेक्षा जास्त लागलं. मरेपर्यंत लागलं.

काळाकोट
ताई, तुमच्या आत्यांना एकदा भेटायला हवं होतं.

पेठकरांसाठी दोन टिपणं, कारण हा प्रकार मी वर्षाला पाच-सहा वेळा बघते. एक, जमिनीतला हक्क साध्या कागदावर सुटत नाही, हक्कसोड रजिस्टर असावं लागतं. साध्या कागदावर फेरफार झाला तरी तो फक्त महसुलाची नोंद, त्याने मालकी जात नाही. वडील वारले तर त्यांच्या हिश्शात मुलीला वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे, तो २००५ च्या दुरुस्तीने नवा दिला असं नाही, २००५ ने वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. महाराष्ट्राने तर १९९४ लाच अर्धी पायरी चढली होती. दोन, अंगठ्याचं. सब-रजिस्ट्रारकडे सही करणाऱ्याचाही अंगठा घेतात आणि त्याचं वेगळं रजिस्टर असतं, वर्षानुवर्षं जपलेलं. तेव्हा नुसता अंगठा दिसला म्हणून बनाव असं होत नाही, पण सही येणाऱ्या बाईची सहीच नसेल तर विचारायचं. आणि बोटाचा ठसा अक्षरापेक्षा खोडायला अवघड. कुणाचा अंगठा होता हो तो, ताई?

कृष्णाकाठ
आम्हा बहिणींचा संशय काकूवर आहे. ती निरक्षर होती. पण तिला कुणी विचारलं नाही, आणि आत्याने विचारू दिलं नाही.

शुक्रवारातला
बाप रे. म्हणजे काकूला लळा वगैरे काही वाटत नव्हतं, तिला सगळं माहीत होतं.

निशाचर
थांबा. मी पहिल्या पोस्टला पुस्तक मिटलं म्हणालो होतो, ते परत उघडतो.

पेठकर
मंडळी, रात्री दीडपर्यंत बसून नव्याने जुळवलंय. कबुली गेली. नात वकील राहील पण खटला तिची सीनियर चालवेल, नात साक्षीदार. खटला खंडणीचा, आरोपी ब्लॅकमेलवाला. बचाव म्हणून त्याचा वकील ते काशीचं पत्र कोर्टात आणतो, की बघा बाई जिवंत होती, खून झालाच नाही, मग खुनाची धमकी कसली? आणि नातीला घराण्याची अब्रू वाचवायची तर पत्र खरं म्हणावं लागतं, आणि वडिलांना छळणाऱ्याला शिक्षा व्हायची तर ते खोटं आहे हे आजोबांच्या वह्या आणून स्वतःच सिद्ध करावं लागतं. चालेल का?

काळाकोट
कायद्याने त्या बचावात दम नाही, खून झाला नसला तरी खुनाचा आळ घेईन म्हणून पैसे उकळणं ही खंडणीच. पण असा बचाव घेणारे वकील मी रोज बघते, आणि तुमच्या नातीची झोप उडवायला तो पुरे आहे. तेव्हा चालेल, फक्त न्यायाधीशांच्या तोंडी एक वाक्य घाला की हा मुद्दा गैरलागू आहे, आणि तरी पत्र रेकॉर्डवर येऊ द्या. एकदा निशाणी पडली (पुरावा म्हणून क्रमांक मिळाला) की ते कुणाच्या बापाला परत घेता येत नाही.

वांगीभात
आणि विहीर? विहिरीत शेवटी काय सापडतं? मी विहिरीसाठी आलेय.

पेठकर
विहिरीचं अजून ठरलं नाही, बुजवलेली दाखवावी का पाणी असलेली...

शुक्रवारातला
ते नंतर बघा. आधी ती विहीर कुणाच्या सातबाऱ्यावर आहे आणि इतर हक्कात पाण्याचा हिस्सा कुणाकुणाचा लागलाय ते लिहून काढा. विधवेचं नाव १९५७ नंतरही तिथे राहिलं असेल, खोडायला कुणी गेलंच नसेल.